डावीकडची खुर्ची

रविवार, १३ एप्रिल

आले एकदाची अमरावतीला. अकोल्याच्या स्टँडवर गजेंद्र, माझा धाकटा भाऊ, सोडायला आला होता. कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांच्या चार पिशव्या बघून तो म्हणाला की ताई, तू राहायला चाललीस की दुकान टाकायला. कंडक्टरनेही तेच विचारलं, फक्त जरा कमी प्रेमाने. सत्तावीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईने पुस्तकांबद्दल खुलासे करत बसायचं नसतं.

रमा गेटवरच उभी होती. नागपूरच्या हॉस्टेलात तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, त्याला तीस वर्षं झाली. मग ती लग्न होऊन पुण्याला गेली, मी अकोल्यात ग्रंथपाल झाले आणि पत्रं हळूहळू दिवाळीपुरती उरली. दहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती माहेरच्या या घरात परत आली. मुलगा सौमित्र बंगलोरला असतो. मागच्या वर्षी तिने कुठूनतरी माझा नंबर मिळवला. पुढे शाळेने ग्रंथालय बंद करून तिथे कॉम्प्युटरची खोली केली आणि मी रागाच्या भरात राजीनामा दिला, तेव्हा तीच म्हणाली, ये इकडे, वरचा मजला रिकामा आहे. दोघी मिळून रहस्यकथा वाचू, जुने सिनेमे बघू आणि एकमेकींची औषधं लपवू. मी बावन्न वर्षांची, बिनलग्नाची. इतक्या आपुलकीने मला कुणी बोलावल्याला बरीच वर्षं झाली होती.

वरची खोली पाहिली आणि मी पिशव्या दारातच टाकल्या. भिंतभर रहस्यकथा, मराठी नि हिंदी, काही तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या. कपाटात जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमांच्या दोनशेवर सीडी. टीव्हीसमोर दोन वेताच्या खुर्च्या, खिडकीत वाळ्याचा कूलर. आश्चर्य एवढंच की हॉस्टेलात रमा पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर घोरायची. तसं म्हटलं तिला. माणूस बदलतो, म्हणाली. बदलो बापडी, माझं भलंच झालं.

बुधवार, १६ एप्रिल

दिवसाला चाकोरी लागली. आज त्रेचाळीस होतं म्हणे. सकाळी पार्वताबाई स्वयंपाकाला येतात, मूळच्या दर्यापूरकडच्या, बोलणं कमी आणि तिखट जास्त. बारा वाजता त्या गेल्या की घराची दारं-खिडक्या बंद. एक ते चार अख्खी अमरावती झोपते आणि आम्ही दोघी वरच्या अंधाऱ्या खोलीत खून बघतो. बाहेर ऊन रणरणतंय, आत ओल्या वाळ्याचा वास, कूलरची घरघर इतकी की गल्लीत खरा खून झाला तरी कळायचं नाही.

आजच्या सिनेमात इन्स्पेक्टर भर उन्हाळ्यात रेनकोट घालून हिंडत होता आणि हिरॉइनने खिडकीतून खून पाहिल्यावर दोन मिनिटांत गाणं म्हटलं. मला हे सगळं मनापासून आवडतं. आम्ही एक खेळ काढलाय. मध्यंतराला दोघींनी खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, सुपारीच्या डब्यात टाकायचं आणि शेवटी उघडायचं. माझं बरोबर आलं, रमाचं चूक. सिनेमात जो सगळ्यात जास्त मदत करतो तोच खुनी, हे मी तिला समजावून सांगितलं.

झोपण्यापूर्वी कव्हर फाटलेली एक कादंबरी वाचते आहे. लेखकाचं नाव उंदरांनी खाल्लंय. थंड हवेच्या गावी एका हॉटेलात एकाच आडनावाचे दोन पाहुणे उतरतात, त्यातला एक मरतो. ऐंशी पानं झाली, माझा संशय आचाऱ्यावर आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

आचारीच निघाला. पण माझं श्रेय गेलं, कारण तो जिथे पहिल्यांदा येतो त्या पानावर कुणीतरी पेन्सिलने बारीक फुली मारून ‘शा.’ असं लिहून ठेवलं होतं. मी इतर पुस्तकं काढून बघितली. प्रत्येकात तीच फुली, तेच ‘शा.’, खुनी जिथे प्रथम दिसतो तिथेच. ग्रंथपाल म्हणून माझा संताप झाला. पुस्तकावर लिहिणाऱ्याला मी शाळेत बाकावर उभं करत असे.

रमाला विचारलं तर तिचा चेहरा उतरला. पुस्तकं, सिनेमे, सगळं तिच्या थोरल्या बहिणीचं, शालूताईचं. तीही बिनलग्नाची. हॉस्टेलात असताना तिचं नाव ऐकलं होतं, भेट कधी झाली नाही. पन्नाशी गाठायच्या आधीच तिला विसरण्याचा आजार जडला. घराबाहेर पडली की वाट विसरायची, माणसांची नावं विसरायची, पण सिनेमातला खुनी कधी विसरली नाही. आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात झोपेतच गेली. बावन्न वर्षांची होती.

आधी का नाही सांगितलंस, मी विचारलं. तू आली नसतीस म्हणून, ती म्हणाली. हे मला खरं वाटलं आणि तिची दयाही आली.

दोन गोष्टी लक्षात आल्या, नोंदवून ठेवते, डिटेक्टिव्हाची खोड. रमा कायम दाराजवळच्या उजव्या खुर्चीत बसते, डावी मला. आणि एवढ्या उन्हातही ती खोलीचं दार पुरतं लावत नाही, फटीत लोखंडी खल लावून ठेवते. गार हवा सगळी जिन्यात जाते. तिला म्हटलं, तू काय जिना गार करतेस का. हसली, पण खल काही काढला नाही.

सोमवार, २८ एप्रिल

आज मी रडले. आनंदाने रडले, हे आधी लिहून ठेवते.

परवा अक्षय्य तृतीया. इकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि त्याच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. पितर बसवणे म्हणतात त्याला. पुरुषाच्या नावाने पुरुष बसतो, सवाष्णीच्या नावाने सवाष्ण, आणि बिनलग्नाच्या बाईच्या नावाने बिनलग्नाचीच बाई लागते, शक्यतो त्याच वयाची. आता पन्नाशीची कुमारिका कुठून आणायची. रमा म्हणाली, आठ वर्षांत ताईच्या नावाने धड कुणी बसलं नाही, तू बसशील का.

आमच्या घरी गुरुजींना शिधा दिला की वडिलांचं झालं असं असायचं, त्यामुळे हे मी फक्त ऐकून होते. पण पाट. मला कुणी पाटावर बसवेल असं वाटलंच नव्हतं. लहानपणी कुमारिका म्हणून जेवले तेवढीच. पुढे हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलं नाही, डोहाळजेवणात ओटी भरायला कुणी हात लावू दिला नाही. गजेंद्रच्या लग्नातसुद्धा मी कोठीच्या खोलीत लाडू मोजत होते. बोलून दाखवलं नाही कधी, माझी जीभ तिखट असल्याने लोकांना वाटतं मला काही लागत नाही. रमाने विचारलं आणि मी रडतच हो म्हटलं.

बुधवार, ३० एप्रिल

दणकून जेवले. पुरणपोळी, आमरस, कुरडया, वडे, चिंचवणी. पार्वताबाईंनी पहाटेपासून राबून केलं सगळं. कमलाकांत गुरुजी येऊन संकल्प सोडून गेले. रमाने माझे पाय धुतले, कुंकू लावलं, नव्या पातळाची घडी हातात दिली, चारी ठाव वाढलं आणि समोर बसून एकटक बघत राहिली. मी पहिला घास घेतला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

जेवण झाल्यावर पार्वताबाई हात धुऊन आपल्या गावी गेल्या, तिकडे त्यांच्या सासऱ्याचा पितर होता. आठवडाभर येणार नाहीत. मी विचारलं, आता काही करायचं असतं का. काही नाही, रमा म्हणाली, वर जाऊन सिनेमा लाव, मी येतेच.

आज फार बरं वाटलं. मैत्रीण असावी तर अशी.

शनिवार, ३ मे

रमा बदलली. खल नेऊन स्वयंपाकघरात ठेवला, खोलीचं दार लावून घेतो आता. ती माझ्याशेजारी निवांत पसरते आणि दहाव्या मिनिटाला घोरते, हॉस्टेलातल्यासारखी. आठ वर्षांत दुपारची झोप लागली नव्हती म्हणे.

मजा म्हणजे काल एक सिनेमा लावला, कधी न पाहिलेला, कधी न ऐकलेला. नावं पडद्यावर यायच्या आधीच मी चिठ्ठी लिहून डब्यात टाकली. ‘माळी. हातमोजे विहिरीत.’ शेवटी तसंच निघालं. हातमोजेसुद्धा. रमा झोपलेली होती, म्हणून शाबासकी द्यायला कुणी नव्हतं. तरी शेजारून कुणीतरी मान डोलावल्यासारखं वाटलं. वय झालं की अशी सोबत वाटते म्हणतात.

तहान मात्र भयंकर लागते. दुपारभरात अर्धा माठ संपवला. घाम येत नाही.

मंगळवार, ६ मे

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आजचा सिनेमा नाटक कंपनीतल्या खुनाचा. मी पेन घेतलं, चिठ्ठी लिहिली, डब्यात टाकली. रमा आज जागी होती. शेवटी तिने डबा उघडला, माझी चिठ्ठी वाचली आणि तशीच चुरगळून मुठीत धरली. मी हिसकावून घेतली. अक्षर माझं नव्हतं, पण लिहिताना हात माझाच होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रमा’.

त्या सिनेमात रमा नावाचं कुणी नाही. मी पाहिलंय, एकही नाही.

मी हसण्यावारी नेलं. रमा हसली नाही. ती उठून खाली गेली आणि मला ऐकू आलं, तिने खालची कडी लावून घेतली.

माझ्या उजव्या हाताची तीन नखं तुटली आहेत. कशाने ते आठवत नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी चटकन आठवत नाहीत. सकाळी गजेंद्रला फोन लावला आणि त्याच्या बायकोचं नाव सुचेना, घरी सगळे कसे आहेत विचारून वेळ मारून नेली.

गुरुवार, ८ मे

पार्वताबाई परत आल्या. भाजी चिरता चिरता सहज विचारलं त्यांनी, “बोळवण कोनं केली वो तुमची? रमाताईनं का गुरुजीनं?”

मी म्हटलं, कसली बोळवण.

विळीवरचा त्यांचा हात थांबला. “म्हंजे केलीच नाई? पितर जेवल्यावर घरात ठेवत नसते वो बाई. पानसुपारी देऊन कोपऱ्यालोक नेऊन सोडा लागते. मंग तुमाले तुमच्या नावानं हाक मारून आत घ्या लागते. मले वाटलं तुमाले मालूम हाय. अकोल्याच्या ना तुमी?”

मी विचारलं, नाही केली तर काय होतं. त्यांनी विळी बाजूला सारली. मग म्हणाल्या, जो जेवायला आला तो जात नाही. आणि ज्याच्या अंगावर आला त्याची जागा हळूहळू घेतो. मी म्हटलं, मग तुम्हीच करा माझी बोळवण, आत्ता. तर मान हलवली. घरच्याच माणसाच्या हातून व्हावी लागते म्हणे, ज्याने बसवलं त्याच्याच.

त्या गेल्यावर मी हसायचा प्रयत्न केला. दोन विड्याची पानं आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चाळीस पावलं. रमाला सांगायचं, तुझं एक राहून गेलंय बाई. एवढंच तर आहे.

शुक्रवार, ९ मे

राहून गेलेलं नाही. मुद्दामच टाळलं.

मी पानं आणि सुपारी घेऊनच तिच्यापुढे बसले. आधी म्हणाली, तू शिकलेली बाई आणि असलं काय मानतेस. मी तुटलेली नखं तिच्यापुढे धरली. तेव्हा तिने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं, अगदी शांतपणे.

शालूताई झोपेत गेली नाही. त्या वर्षी १५ मेला दर्यापूरला लग्न होतं. दोन वर्षं बहिणीचं करून रमा विटली होती, तिला एक दिवस सुट्टी हवी होती. तिने सिनेमा लावून दिला, कूलर चालू केला, ताई बाहेर पडू नये म्हणून खोलीला बाहेरून कडी घातली आणि गेली. दुपारी परत यायची होती. लग्नात बरं वाटलं, मुक्काम केला. इकडे वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. वर गच्चीचा स्लॅब, बाहेर सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी रमाने दार उघडलं तेव्हा ताई दाराशी होती. दारावर नखांचे ओरखडे होते. ते रमाने रंग देऊन बुजवले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, दुपारी, ते दार आतून वाजतं. म्हणून खल. तीन वर्षांमागे तिने दर्यापूरची एक बाई पितर म्हणून बसवली होती, रीतसर बोळवणही केली. बाई गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली नसेल तोच वर धडका सुरू. पाठवली की ती रमाकडेच परत येते. म्हणून यंदा रमाने पाठवलीच नाही. ठेवून घेतली. माझ्यात.

आणि मला शोधायला तिला वर्ष लागलं. बिनलग्नाची, बावन्न वर्षांची, रहस्यकथांची वेडी, आणि मागे विचारपूस करायला फारसं कुणी नसलेली. हे तिने सांगितलं नाही, हे मी काढलं. एवढं डिटेक्टिव्हपण शिल्लक आहे अजून.

मी हात जोडले. म्हटलं, रमा, दोन पानं दे आणि म्हण, या आता. तीस वर्षांच्या मैत्रीखातर. ती म्हणाली, फक्त उन्हाळ्याचे दोन महिने गं साधना. पावसाळ्यात ती शांत असते. तूही तर मजेत होतीस ना सिनेमे बघत.

केसाने गळा कापणे म्हणजे काय हे आजवर मी फक्त वाचलं होतं. सगळ्यात जास्त मदत करतो तोच खुनी, हे मीच तिला शिकवलं, आणि माझ्याच नाकाखालचं मला दिसलं नाही. मला भुताची भीती वाटते आहे, पण त्याहून जास्त लाज वाटते आहे, की पाटावर बसवलं म्हणून मी रडले होते.

रविवार, ११ मे

सकाळी निघाले. एकच पिशवी घेतली. अकोल्याची गाडी मिळाली, खिडकीची जागा. बडनेरा गेलं. घसा सोलवटून निघत होता, दोन बाटल्या संपल्या. मूर्तिजापूरला पाणी घ्यायला उतरले एवढं आठवतं.

नंतर आठवतं ते वाळ्याचा वास. डावीकडची खुर्ची. सिनेमा मध्यंतरापर्यंत आलेला. मांडीवर पिशवी, पिशवीत अमरावतीचं परतीचं तिकीट. रमा दारात उभी होती. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, आलीस ना ताई.

ताई म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.

मंगळवार, १३ मे

गजेंद्रला सांगायला हवं. फोन हातात घेतला, त्याचं नाव शोधायचं होतं, कुठलं नाव शोधायचं तेच —

नंतर आठवलं. गजेंद्र. इथे लिहून ठेवते. भाऊ गजेंद्र. मी साधना. शाळा अकोल्याची. ग्रंथालयात सत्तावीस वर्षं.

फोन केला तर त्याला माझा आवाज ओळखू येईना. कोण बोलतंय, कोण बोलतंय करत ठेवून दिला त्याने.

पार्वताबाईंना रमाने सुट्टी दिली आहे. विचारलं तर म्हणाली, तुला उष्म्याचा त्रास होतोय, घरात गडबड नको. माझा फोन खाली तिच्याकडे आहे. कधी दिला मी?

पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर फुली दिसते. वाचवत नाही.

बुधवार, १४ मे

शालूताई वाईट नाही. हे लिहायला हवं. माझ्याशेजारी बसते, काही करत नाही. तिला फक्त दार उघडं हवं आहे. तहान लागली आहे, आणि रमाने यावं. एवढंच.

पण ते तिचं. माझं काय — मला काय हवं होतं. काहीतरी रमाकडून हवं होतं. पानं. हो. दोन पानं.

संध्याकाळी पुन्हा पाय धरले रमाचे. उद्या बघू, म्हणाली. उद्या पंधरा तारीख.

गुरुवार, १५ मे

दुपार. दीड असेल. सिनेमा लावून दिला तिने. मी खुर्चीत होते. उठले तोवर कडी —

बाहेरून.

मी दार वाजवलं. दोन्ही हातांनी. रमा, मी आहे, मी. ती दारापलीकडेच आहे, श्वास ऐकू येतो. म्हणाली, ताई, माफ कर मला. आठ वर्षं झोपले नाही. आजचा दिवस तेवढा जाऊ दे. सौमित्र येतो आहे, त्याच्यासमोर धडका नकोत. उद्या सकाळी उघडते.

माफी मागितली. तिची. माझी नाही. माझं नावसुद्धा —

कूलर थांबला. वीज गेली. टीव्हीही. वहीपुरता उजेड आहे खिडकीच्या फटीतून. भिंत हाताला लावून पाहिली, पोळते. घाम नाही.

अजून गेली नाही ती. रडते आहे. हे रडणं मी ओळखते, परीक्षेच्या आदल्या दिवशी असंच रडायची आणि मी डोकं चेपून द्यायचे. हे आठवतंय. म्हणजे मी आहे अजून. ओरडून सांगितलं, रमा, मी साधना आहे. साधना.

रडणं थांबलं. मग कडीला हात लागल्याचा आवाज. म्हणाली, ताईपण असंच म्हणेल. तू साधनाच असशील तर उघडते, आत्ता उघडते, देवाशप्पथ. फक्त तुझ्या आईचं नाव सांग.

मला कळतंय ती का विचारते. मला सोडवायला नाही. मी सांगू शकले नाही की तिचं ओझं उतरलं. मग तिने आत कोंडली ती साधना नव्हेच. मग जिना उतरायला ती मोकळी.

पण कडीवर हात आहे तिचा. सांगायचं फक्त. सोपं आहे. आईचं नाव कोण विसरतं. मला डोळ्यांपुढे दिसते ती, चुलीशी, डाव्या गालावर तीळ — तीळ कुणाला होता — एकच नाव येतंय तोंडात आणि ते रमाच्या आईचं आहे. ते नाही. ते नाही म्हणायचं. माझ्या आईचं. तिने विचारलंय पुन्हा. सांगते. रमा, थांब, जाऊ नकोस, सांगते आहे, माझ्या आईचं नाव